बुकातिओसमधली अंजिरं

दूध पांढरं असतं असं दोर्किसला सांगितलं, तर ती आधी भांड्यात बोट बुडवायची, मग ते बोट उजेडात धरायची, आणि मग सांगणाऱ्यालाच विचारायची, "पाणी किती घातलंयस?" साठी उलटलेली बाई. तळ्याकाठच्या आमच्या गावातल्या निम्म्या लोकांच्या नाळा तिने कापलेल्या. उरलेल्या निम्म्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आणि ज्यांच्या नाळा कापल्या त्यांच्यावर होता, असंही काही नाही.

तिचंही बरोबर होतं म्हणा. सुईणीशी जग जेवढं खोटं बोलतं तेवढं न्यायाधीशाशीसुद्धा बोलत नाही. सुना दिवस कमी करून सांगतात, सासवा वाढवून सांगतात, नवऱ्यांना तर आपण घरी कधी होतो हेच आठवत नाही. म्हणून दोर्किस पोटुशी बाई हातात आली की तिच्या नावाची एक बोरूची काठी तोडायची, पोट चाचपून मागचे चंद्र खाचायची आणि दर अमावास्येनंतर कोवळी कोर दिसली की तिच्यावर विळ्याने एक खाच पाडायची. छपराच्या वाशांत अशा दहा-बारा काठ्या कायम खोचलेल्या. "महिन्याचं नाव तोंडातून येतं," असं ती म्हणायची, "आणि तोंडाचं काय खरं? चंद्राला तोंड नाही, तोच बरा."

सुईणीचं आणखी एक काम असतं. त्याबद्दल गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. मूल जन्मलं की दहाव्या दिवसापर्यंत घरच्यांनी त्याला उचलून चुलीभोवती फिरवायचं, नाव द्यायचं. नाही फिरवलं, तर ते त्या घरचं नाही. मग सुईणीने टोपली आणायची, पोराला टोपलीत घालायचं आणि डोंगरावर नेऊन ठेवून यायचं. मागे वळून बघायचं नाही. चाळीस वर्षांत दोर्किसने अशा तीन टोपल्या नेल्या होत्या. कोणी विचारलंच तर दोन सांगायची.

त्या साली, सातूची कापणी तोंडावर आलेली असताना, थिओदोताच्या धाकट्या सुनेला मुलगा झाला. सून मेलिता, सतरा वर्षांची, तळ्याच्या पलीकडच्या काठची. बाळंतपण सोपं गेलं. पोरगा चांगला बाळसेदार, गळा काढून रडणारा. मुलगा झाला की दाराला ऑलिव्हच्या डहाळ्या बांधतात, पण या दाराला कोणी साधं पानसुद्धा बांधलं नाही. थिओदोता अंगणात पाट्यावर सातू भरडत बसली होती, ती बसूनच राहिली. आत येऊन नातवाचं तोंडही तिने बघितलं नाही.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. पोराचा बाप एम्पेदोन पाथरवट होता. आदल्या वसंतात तो डेल्फीला देवळाच्या कामावर गेला, आणि हेर्माइओस महिन्यात, ऐन थंडीत, दगड घसरून त्याच्या छातीवर आला. तिथेच संपला. म्हणजे एका वसंतात घर सोडून गेलेला माणूस, आणि पुढच्या वसंताच्या शेवटी त्याच्या घरात पाळणा. बोटं सगळ्यांनाच असतात, गावाने ती मोजली.

मेलिता म्हणत होती की तो मध्ये एकदा घरी येऊन गेला. हिप्पोद्रोमिओसमध्ये, म्हणजे आमच्याकडे घोड्यांच्या शर्यती असतात त्या उन्हाळ्याच्या महिन्यात. तेव्हा थिओदोता थीब्जला आपल्या लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. घर गावाबाहेर, बोरूच्या बेटाला लागून. शेजार नाही. कोणी त्याला येताना पाहिलं नाही, जाताना पाहिलं नाही.

"मी सहा दिवस लेकीकडे काय गेले," थिओदोता दोर्किसला म्हणाली, "आणि नेमका तेव्हाच माझा पोरगा उगवला होय गं? अख्ख्या वर्षात तेवढेच सहा दिवस सापडले त्याला?"

"तुला तेव्हा सांगितलं का नाही तिने, तो येऊन गेला म्हणून?"

"तेच तर! मी परत आले तेव्हा तोंडातून शब्द नाही. पोट दिसायला लागलं तेव्हा मात्र वाचा फुटली. तेव्हा म्हटलं, येऊ दे त्याला, तोंडावरच विचारते. घाटात बर्फ पडलं होतं, निरोप जाईना. आणि बर्फ वितळायच्या आत..." ती पाट्यावर दगड जोरजोरात फिरवायला लागली.

मूल कधी राहिलं, याबद्दल वादच नव्हता. दोर्किसच्या काठीवर नऊ खाचा पुऱ्या होऊन दहावा चंद्र चालू होता. शर्यतींच्या महिन्यातच राहिलं. वाद एवढाच होता, की त्या महिन्यात मेलिताच्या घरात होतं कोण.

आठव्या दिवशी डेल्फीहून एक माणूस आला. प्राक्सियास त्याचं नाव, एम्पेदोनच्या जोडीला काम करणारा, तिकडचाच राहणारा. मेलेल्या सोबत्याच्या छिन्न्या आणि हातोडा आईला परत द्यायला तो दिवसभर चालून आला होता. माणूस साधा, बोलायला जरा जास्तच मोकळा. थिओदोताने छिन्न्या एकेक करून हातात घेतल्या, पदराने पुसल्या आणि मांडीवर ओळीने ठेवल्या. दोर्किस तेव्हा बाळंतिणीला बघायला आली होती, दारातच उभी होती. आणि थिओदोताचा थोरला मुलगा काफिसियास भिंतीला टेकून होता.

"माझा भाऊ कामावरून रजा घेऊन कधी कुठे गेला होता का?" काफिसियासने विचारलं.

"एकदाच. असा कामाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अख्ख्या मुदतीत एकदाच चार दिवस गेला, घरी जातो म्हणून."

थिओदोताने मान वर केली. "कधी?"

"बुकातिओसमध्ये."



"नक्की बुकातिओस?" काफिसियास म्हणाला. "पुन्हा सांग. नीट आठवून सांग."

"अहो, नक्की म्हणजे काय! मीच मुकादमाला सांगायला गेलो होतो, याला सोडा म्हणून. बुकातिओस."

आता बुकातिओस म्हणजे आमच्याकडे वर्षाचा पहिला महिना. मरणाची थंडी, आणि बैलाचा बळी देतात म्हणून घराघरात माणसं जमलेली. त्या महिन्यात थिओदोताच्या घरी वीस माणसं जेवली होती आणि ती दारातून ये-जा करत धाकट्याची वाट बघत होती. तो आला नव्हता. म्हणजे सून खोटारडी. म्हणजे एकुलत्या एका रजेत पोरगा घरी आलाच नाही, दुसरीकडेच कुठे गेला. कुठे गेला? कोणाकडे गेला? एका शब्दाने जिवंत सुनेचीही अब्रू गेली आणि मेलेल्या मुलाचीही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

"ऐकलंस ना?" प्राक्सियास हात-पाय धुवायला गेल्यावर काफिसियास दोर्किसला म्हणाला. "परवा दहावा. टोपली घेऊन ये."

"आणि बाळंतीण?"

"तिची ती जाईल माहेरी. आम्ही काही तिला मारत नाही."

दोर्किस त्याच्याकडे बघत राहिली. डोंगराच्या पायथ्याचा द्राक्षमळा बापाने दोघा भावांत ठेवला होता. पोराला चुलीभोवती फिरवलं तर अर्धा मळा पोराचा, नाही फिरवलं तर सगळा याचा. दोर्किसला हे कळायला काही वेळ लागला नाही, तिला असलं आधी कळायचं. पण म्हणून सून खरी ठरत नव्हती. लबाडाच्या समोर उभा असलेला माणूस सज्जनच असतो असं थोडंच आहे?

ती आत गेली. मेलिता पोराला पाजत बसली होती. बाहेरचं सगळं तिने ऐकलं होतं, चेहरा पांढराफटक पडला होता.

"खरं बोल," दोर्किस तिच्यासमोर बसत म्हणाली. "मी काही तुझी सासू नाही. माझ्यापुढे काय झाकायचं राहिलंय तुझं? कोण होता?"

"मावशी, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. सगळ्यात आधी मी. बोल."

"तेच होते. तिन्हीसांजेला आले, पाय नुसते धुळीने भरलेले. तीन रात्री राहिले. परसातल्या अंजिरावर चढून टोपलीभर अंजिरं काढली, सोबत्यांना न्यायला. चंद्र अजून भरायचा होता, दहावी तिथी. म्हणाले, मी आलो होतो हे आईला सांगू नकोस."

"का?"

"चुकामूक झाली हे तिला कळलं तर रडत बसेल म्हणाले. द्राक्षांच्या वेळी पुन्हा येतोच, तेव्हा भेटेन. मग त्यांना रजाच मिळाली नाही."

"आणि तू गप्प बसलीस."

"नवऱ्याने सांगितलं होतं."

दोर्किसला गोष्ट फारच बेतशीर वाटली. बेतशीर गोष्टींची तिला चीडच होती. खऱ्या गोष्टीला कुठेतरी भोक असतं, कुठेतरी ठिगळ असतं. इथे मात्र सगळं जागच्या जागी: सासू नाही, शेजार नाही, आणि जो साक्ष देऊ शकला असता तो मातीत. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण डोळ्यांतल्या पाण्याने दोर्किस विरघळणारी नव्हती. तिने बाळाचा चेहरा उजेडाकडे फिरवून एम्पेदोनची काही खूण सापडते का बघितलं. आठ दिवसांची सगळीच पोरं म्हाताऱ्यासारखी दिसतात, हेही तसंच दिसत होतं.

घरी आली, पण जेवण गोड लागेना. मनात पाल चुकचुकत होती, पण कोणाच्या नावाने, ते कळत नव्हतं. शेवटी तिने ठरवलं की त्या डेल्फीच्या माणसाला गाठायचं. मेलिताला वाचवायला नव्हे, हे इथे सांगायला हवं. पकडायला. अंजिराची गोष्ट पोरीने आयत्या वेळी जोडलेली असणार, आणि एक टाका उसवला की बाकीचं आपोआप निघेल, असा तिचा हिशोब. एकदा पक्कं खोटं हातात आलं की टोपली उचलताना हात जड होत नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी प्राक्सियास तिला कुंभाराच्या अंगणात सापडला. पायाला फोड आले होते म्हणून तो कुंभाराकडे मुक्कामाला राहिला होता आणि निघायच्या तयारीत चपलेचा बंद बांधत होता. दोर्किस त्याच्यासमोरच्या उपड्या रांजणावर जाऊन बसली.

"घरी जातो म्हणून गेला तो," ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "परत आला तो हात हलवतच आला असेल."

"हात हलवत? टोपली भरून अंजिरं आणली पठ्ठ्याने!"

 म्हणजे टाका उसवत नव्हता. तिने दुसरीकडून ओढून बघितलं. "वाळलेली असतील. घरात साठवलेली."

"वाळलेली काय, मावशी! ओली, ताजी. देठातून चीक गळत होता. मी हावरटासारखी दातांनी तोडली, तर ओठ सुजला माझा. चार दिवस सगळे हसत होते."

"बुकातिओसमध्ये?"

"हो."

"मेल्या, बुकातिओसमध्ये अंजिराला पान नसतं. फळ कुठून आलं?"

"तुमच्या झाडांचं मला काय माहीत? बुकातिओसमध्येच आणली. त्या उन्हात दगडाला हात लावला तर भाजायचा, आम्ही कामगार पहाटेच काम उरकून दुपारी सावलीला पडायचो. तिथेच बसून खाल्ली."

"कसलं ऊन? बुकातिओसमध्ये आमच्या तळ्यावर बर्फाची साय धरते!"

"मग तुमचं तळं बिघडलंय."

"तुझं डोकं बिघडलंय. वर्षाच्या पहिल्या महिन्यात ऊन म्हणे!"

"पहिला कसला? बुकातिओस दुसरा. पहिला आपेल्लायोस."

"हा आपेल्लायोस कोण आणखी?"

"महिना! वर्षाचा पहिला महिना! उन्हाळ्यात वर्ष सुरू होतं तेव्हाचा."

"उन्हाळ्यात वर्ष सुरू होतं?" दोर्किस ताडकन उभी राहिली. "गाढवा, वर्ष हिवाळ्यात सुरू होतं. माझ्या आजीपासून हिवाळ्यात सुरू होतंय."

कुंभार चाक थांबवून पोट धरून हसत होता. "भांडा, भांडा," तो म्हणाला, "एका दिवसाच्या वाटेवर राहता आणि तुमचं वर्षसुद्धा एक नाही!"

दोर्किस मात्र हसत नव्हती. "थांब," ती म्हणाली. तिने बोटं उघडली. "उन्हाळ्यातला दुसरा महिना. अंजिरं ओली. द्राक्षं अजून आंबट. शर्यतींचा महिना, हिप्पोद्रोमिओस. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात?"

"हिप्पो काय? असला महिना आमच्यात नाही. त्या दिवसांत आमचा बुकातिओसच असतो. मावशी, यात एवढं काय? तुमच्या गावचा तो वामवाला बर्फाचे दिवस सोडले तर दर महिन्याला आमच्या बाजारात मासे घेऊन येतो, त्याला विचारा. तुमची नावं, आमची नावं, त्याला दोन्ही तोंडपाठ. आम्हाला तोच उलगडून सांगतो."

"कोण वामवाला?"

"कोण म्हणजे? एम्पेदोनचाच भाऊ. काफिसियास."

*नक्की बुकातिओस? पुन्हा सांग. नीट आठवून सांग.* दोर्किसच्या कानात त्याचं ते बोलणं जसंच्या तसं वाजलं. कुठे पाणी मुरत होतं ते आता दिसत होतं.

पण ती परत रांजणावर बसली. कारण काफिसियासच्या आधी तिला दुसरंच कोणी आठवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी एक एतोलियाची पोर इथे लग्न करून आली होती. नवरा लढाईवर. तो शेवटचा घरी कोणत्या महिन्यात होता, असं दोर्किसने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, होमोलोइओस. दोर्किसने बोटांवर मोजलं, जमेना. पोरगी रडत रडत पुन्हा तेच म्हणाली, होमोलोइओस, होमोलोइओस. दोर्किसनेच घरच्यांना सांगितलं की हिशोब लागत नाही. ती तिसरी टोपली. ती दोर्किस कोणाला सांगत नसे. एतोलियाचा होमोलोइओस कधी येतो, हे तिने तेव्हा विचारलं नव्हतं. आपला उन्हाळ्यात येतो, मग सगळ्यांचाच उन्हाळ्यात येणार, असं धरून चालली होती. जगात कोणावर विश्वास न ठेवणारी ही बाई, पण एका महिन्याच्या नावावर तिने डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

"बरं नाही का वाटत, मावशी?" प्राक्सियास म्हणाला.

"एतोलियाचा होमोलोइओस कधी असतो रे?"

"कोणास ठाऊक. मी तिकडे कधी गेलो नाही."

 तिने त्याच्या दंडाला धरलं. "चल. चपला राहू दे, अनवाणी चल."

थिओदोताच्या अंगणात पोचली तेव्हा काफिसियास तिथेच होता. दोर्किसने प्राक्सियासला मध्ये उभं केलं आणि म्हणाली, "सांग. अंजिरांपासून सांग." त्याने सांगितलं. अंजिरं, चीक, सुजलेला ओठ, ऊन, आपेल्लायोस, सगळं. थिओदोता पाट्यावरून उठली नाही, पण तिचा हात थांबला.

"छान पढवलंयस," काफिसियास दोर्किसला म्हणाला. "काय दिलंस याला? का बाळंतिणीच्या माहेरच्यांनी दिलं?"

"तू गप," दोर्किस म्हणाली. "दर महिन्याला डेल्फीच्या बाजारात वाम विकायला कोण जातं? त्यांचा बुकातिओस कधी येतो हे तुला माहीत नव्हतं?"

"मी मासे विकायला जातो. महिने मोजायला नाही."

"तिथल्या लोकांना दोन्हीकडची नावं उलगडून सांगतोस म्हणे!"

"हो, तुम्हीच तर सांगता," प्राक्सियास भोळेपणाने म्हणाला. "मागच्या खेपेलाच नाही का..."

काफिसियासचं तोंड लाल झालं. "भाऊ मेल्याची बातमी आणि हे पोर, यांत माझं डोकं ठिकाणावर होतं का? तो म्हणाला बुकातिओस, मी ऐकलं बुकातिओस. आईनेही तेच ऐकलं. तिला नाही कोणी विचारत!"

खरं बोलत होता का तो? देव जाणे. चोराच्या मनात चांदणं म्हणावं, तर दुःखात माणसाला आपल्या घरचाच महिना आधी आठवतो हेही खरं. दोर्किसने पुढे मरेपर्यंत त्याच्या हातचा मासा घेतला नाही, पण तिला ते कधी नक्की कळलं नाही.

थिओदोता मात्र दोघांचंही ऐकत नव्हती. ती प्राक्सियासकडे बघत होती. "चंद्र कसा होता?" तिने विचारलं. "तो निघाला तेव्हा."

"अर्ध्याहून मोठा. दहावीच्या पहाटे निघाला तो, मुकादमाने तीन दिवस दिले होते. जायला एक, यायला एक, मधला एक घरी. तर हा चौथ्या दिवशी, तेरावीला रात्री उगवला. मुकादमाने आकाशपाताळ एक केलं. मी विचारलं, का रे बाबा, एक दिवस का जास्त? तर अंजिरं पुढे केली."

थिओदोता उठली. हाताला लागलेलं पीठ तिने झटकलं नाही, तशीच आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मेलिता पोराला छातीशी धरून भिंतीला चिकटून बसली होती. आता कोण काय करील याचा तिला भरवसा नव्हता. सासू पुढे आली तशी ती आणखी मागे सरकली.

"काय खाल्लं त्याने?" थिओदोताने विचारलं.

मेलिताला प्रश्नच कळला नाही.

"माझ्या घरात आला होता ना तो? काय खाल्लं?"

"जवाची पेज," मेलिता हळूच म्हणाली. "आणि कांदा. मी वाम शिजवते म्हटलं, तर नको म्हणाले. म्हणाले वाम आईच्या हातची. ती आज येईल, उद्या येईल. पहिल्या दिवशी दिवसभर वाट बघितली. मग म्हणाले मुकादम ओरडला तर ओरडू दे, आणखी एक दिवस थांबतो. बारावीलाही रात्र पडेपर्यंत त्या उंबऱ्यावर बसून होते. झोपले नाहीत धड. पहाटे निघाले."

"तेरावीच्या पहाटे."

"हो."

"मी तेरावीला दुपारी आले," थिओदोता म्हणाली. "जावयाने थांबवून घेतलं होतं, आणखी एक दिवस राहा म्हणून. मलाही पाय निघेना. राहिले." तिने मागे उंबऱ्याकडे बघितलं. "अर्ध्या दिवसाने गं. अर्ध्या दिवसाने चुकला माझा पोरगा. आणि मी इथे बसून म्हणतेय, तो आलाच नव्हता."

आणि मग ती जी रडली, तशी मेल्याची बातमी आली तेव्हाही रडली नव्हती. दारातल्या दोर्किसच्या डोळ्यांना कधी नव्हे ते पाणी आलं आणि तिने ते लपवलंही नाही. मेलिता घाबरून बघत राहिली. थोड्या वेळाने थिओदोताने पिठाचे हात पुढे केले.

"दे त्याला."

मेलिताने पोराला आणखी आवळलं. "कशाला?"

"चुलीभोवती न्यायला."

"आई," अंगणातून काफिसियास म्हणाला, "दहावा उद्या आहे. आज नववा. असं करत नाहीत."

"उद्यावर विश्वास नाही माझा," थिओदोता म्हणाली, आणि ती मेलितासमोर जमिनीवर बसून राहिली. पोरीने आपल्या हाताने पोर तिच्या ओंजळीत ठेवेपर्यंत हात तसेच पुढे धरून बसली. मग गुडघे दुखत होते तरी उठली, आणि नवव्याच दिवशी, भर दुपारी, नातवाला उराशी धरून चुलीभोवती धावली.